दुसऱ्या डावातले पुण्य

‘अल्टिमा ४’ या जुन्या संगणकीय खेळात वनौषधींची दुकाने आहेत. लसूण, जिनसेंग, गंधकाची राख, कोळ्याचे जाळे असा माल तिथे मिळतो आणि त्याच्याशिवाय एकही मंत्र चालत नाही. दुकानातली विक्रेती अंध आहे. किंमत ती सांगते; नाणी किती मोजायची ते खेळाडूने ठरवायचे. वीस नाण्यांच्या मालापोटी एकच नाणे ठेवले तरी माल हातात पडतो. कोणी ओरडत नाही, पहारेकरी धावून येत नाहीत, गुण कापल्याचे पडद्यावर दिसत नाही.

हिशेब मात्र आतल्या आत मांडला जात असतो. पुढे कधीतरी राजवाड्यातल्या हॉकविंड नावाच्या द्रष्ट्याला विचारले, की प्रामाणिकपणात आपली पत किती उरली आहे ते तो सुनावतो. फसवणाऱ्याने देवस्थानी कितीही ध्यान लावले तरी त्याला सिद्धी मिळत नाही.

रिचर्ड गॅरियट यांनी हा आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ, 1985 साली अमेरिकेत ओरिजिन सिस्टिम्स या कंपनीतर्फे आणला. त्यांच्या आधीच्या खेळांवर पालकांची तक्रारीची पत्रे आली होती. शिवाय खेळाडू दुकाने लुटतात, निरपराधांना मारतात आणि तरीही शेवटी जगाचे तारणहार ठरतात, हे त्यांना खटकू लागले होते. म्हणून चौथ्या खेळात त्यांनी खलनायकच काढून टाकला. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, प्रतिष्ठा, अध्यात्म आणि नम्रता हे आठ सद्गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हायचे, हेच खेळाचे साध्य ठरवले. त्यातली अवताराची कल्पना त्यांनी हिंदू परंपरेतून घेतली होती. दुष्ट शत्रूपुढून पळ काढला की शौर्य घटते, वैद्याकडे रक्तदान केले की त्याग वाढतो, बढाई मारली की नम्रता गळते.

मुंबईत असे जुने परदेशी खेळ पोचले ते बरेचसे लॅमिंग्टन रोडवरून. या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ग्रँट रोड स्टेशनपासून गिरगावाच्या दिशेने पसरलेला हा बाजार म्हणजे नव्वदच्या दशकात संगणकवेड्यांची पंढरीच होती. गिरगाव, दादर, लालबागच्या चाळींतली मुले इथूनच पीसी असेम्बल करून घेत आणि जाताना फुटपाथवरून एखादी सीडी उचलत. जुन्या कन्सोलचे शेकडो खेळ एम्युलेटरसकट, म्हणजे ते पीसीवर चालवून देणाऱ्या प्रोग्रॅमसकट, एकाच सीडीत भरलेले असत. त्या सीडीच्या किमतीतला एक पैसाही खेळ बनवणाऱ्यांपर्यंत पोचत नसे. अंध विक्रेतीला पुरे दाम मोजावे की नाही, असल्या प्रश्नांवर रात्र जागवणाऱ्या मुलांनी त्या खेळाच्या कर्त्यांपुढे मात्र नेमके तेच एक नाणे ठेवले होते.

ती मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्यातली काही परळ-लालबागच्या चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये राहतात आणि जुने खेळ पुन्हा लावतात. ‘अल्टिमा ४’ 2011 पासून जीओजी या संकेतस्थळावर रीतसर फुकट मिळतो. ‘क्रोनो ट्रिगर’ हा तसाच दुसरा जुना खेळ आता मोबाइलवर आणि पीसीवर विकत घेता येतो. तेव्हा न दिलेले पैसे यांतले काही जण आता देतातही.

पण दुसऱ्यांदा खेळताना वेगळीच अडचण उभी राहते. कुठे काय मोजले जाते, हे आता पाठ झालेले असते.

‘क्रोनो ट्रिगर’ हा जपानच्या स्क्वेअर कंपनीचा 1995 सालचा खेळ. त्याच्या सुरुवातीलाच एक जत्रा आहे. तिथे कुणाचा तरी जेवणाचा डबा ठेवलेला दिसतो, एका मुलीचे मांजर हरवलेले असते, धक्का लागून पडलेल्या मुलीचे पदक दूर उडते. पहिल्या डावात पोरे बिनधास्त डबा फस्त करतात आणि मुलीला उठवण्याआधी पदक उचलतात. पुढे नायकावर खटला उभा राहतो आणि जत्रेतली एकेक गोष्ट साक्षीला येते. हा धक्का एकदाच बसतो. दुसऱ्या खेपेला प्रत्येक जण मांजर पोचवतो, डब्याला हात लावत नाही, आधी मुलीची विचारपूस करतो. सगळ्या पंचांनी निर्दोष ठरवले की बक्षीसही मिळते. गंमत अशी, की निर्दोष सुटला तरी नायकाचा तुरुंग काही चुकत नाही. राजाचा मंत्री त्याला आत टाकतोच. पहिला डाव संपल्यावर कमावलेल्या ताकदीसह पुन्हा सुरुवात करण्याची सोयही या खेळात आहे. ताकदीबरोबर खेळाडूच्या डोक्यात पंचांची यादीही येते.

मग मांजर पोचवणाऱ्याला दयाळू म्हणायचे, की हुशार?

महाराष्ट्राला नीतीचे खेळ नवे नाहीत. मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला अशी परंपरेची समजूत आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेचे ग्रंथपाल वा. ल. मंजूळ यांनी या खेळाचा माग काढला, तेव्हा डॉ. रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहातले जुने पट उजेडात आले. सद्गुणाच्या घरातून शिडी, दुर्गुणाच्या घरात साप, शेवटी मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. आज दुकानात मिळणाऱ्या सापशिडीवर गुणांची नावे नाहीत, नुसते एक ते शंभर आकडे उरले आहेत. मोक्षपटात खेळाडूच्या हाती काहीच नसे. कवड्या पडतील तसे सरकायचे. त्यामुळे तिथे लबाडीने पुण्य कमावण्याची सोयही नव्हती. गॅरियट यांनी निवड खेळाडूच्या हाती दिली, आणि निवडीबरोबर हिशेबीपणालाही दार उघडले. त्यांच्या खेळात भिकाऱ्याला एक नाणे दिले काय नि पन्नास दिली काय, करुणा सारखीच वाढते. हे कळलेला खेळाडू पन्नास कशाला देईल?

या खेळांवर नेहमीचा आक्षेप असा, की गुण मोजले की सद्गुणाचा व्यवहार होतो. आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. मुळात ती अंध विक्रेती दुकानात बसली आहे ती नायकाची परीक्षा घेण्यासाठी. तिला घर नाही, भाडे नाही, दिवसाच्या गल्ल्याची चिंता नाही. तिची फसवणूक झाली तर नुकसान कोणाचे होते? फसवणाऱ्याचे. तिच्या वाट्याला काहीच येत नाही. दुसऱ्या डावात हे स्पष्ट दिसते, कारण तोवर खेळाडूचे लक्ष तिच्यावरून उडून सगळे स्वतःच्या खात्यावर गेलेले असते.

मुंबईतल्या अंध विक्रेत्यांना घर आहे, भाडे आहे, चिंताही आहे. दादरला कमला मेहता अंधशाळा आहे. 1900 साली अ‍ॅना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी ती सुरू केली. तिथून आणि वरळीच्या ‘नॅब’ (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) सारख्या संस्थांतून शिकून माणसे बाहेर पडली, ती स्वतःच्या कमाईवर जगण्यासाठी. दुसऱ्याच्या चांगुलपणावर रोजचा गल्ला सोडणे त्यांना परवडणारे नाही. 2016 नंतर नोटांचे आकार बदलले. आज शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांची रुंदी एकच, 66 मिलिमीटर. लांबी अनुक्रमे 142, 146 आणि 150. म्हणजे दोनशेची नोट पाचशेची म्हणून खपवायला फक्त चार मिलिमीटरची आडकाठी. बोटांनी नोट ओळखणे अवघड झाले म्हणून ‘नॅब’ने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. जानेवारी 2020 मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘मनी’ हे अ‍ॅप आणले. मोबाइलचा कॅमेरा नोटेवर धरला की ते किंमत बोलून दाखवते आणि त्याला इंटरनेटही लागत नाही. क्यूआर कोडजवळ ठेवलेली डबी तर जमा झालेली रक्कम साऱ्या गर्दीला ऐकवते.

यंत्र हिशेब बोलून दाखवू लागले, तर माणसांच्या प्रामाणिकपणाला जागा कुठे उरली, असे एखाद्या नीतिवाद्याला वाटेल. वाटू दे. गिऱ्हाइकाला सज्जन ठरण्याची संधी मिळावी म्हणून विक्रेत्याने अंधारात राहायचे, हा सौदा मुळातच अन्यायाचा आहे. ‘अल्टिमा ४’ने एका पिढीला पुरे दाम मोजायला शिकवले, हे त्याचे श्रेय आहेच. दाम का मोजायचे याचे कारण मात्र त्याने खेळाडूच्या उद्धारात शोधले, आणि तिथेच तो कमी पडला. ते कारण विक्रेतीच्या हक्काच्या पैशात होते.

दादरच्या पुलावर किंवा लोकलच्या डब्यात अंध विक्रेत्याकडून काही घेताना नोट कितीची आहे ते आधी सांगावे, ती त्यांच्या हातात ठेवावी, सुट्टे परत घेताना दोघांनी मिळून मोजावेत; आणि मोबाइलवरून पैसे भरले असतील, तर डबीचा आवाज त्यांच्या कानावर पडेपर्यंत तिथून हलू नये.