संदिग्धतेचे नैतिक मूल्य

काव्यात संदिग्धता अर्थसमृद्धीचे कारण ठरते. शांतता-करारात तिचे नैतिक मूल्य काय, हा प्रश्न इस्रायल-पॅलेस्टाईन संघर्षाने तीव्र केला आहे. सुरक्षा परिषदेच्या १९६७ च्या २४२ क्रमांकाच्या ठरावात इस्रायलने व्याप्त प्रदेशांतून माघार घ्यावी, असे म्हटले आहे. इंग्रजी पाठात ‘प्रदेश’ या शब्दापूर्वी निश्चयवाचक उपपद नाही. फ्रेंच पाठातून मात्र सर्व प्रदेशांचा बोध होऊ शकतो. १९९३ च्या ओस्लो करारानेही जेरुसलेम, निर्वासित, वसाहती व सीमा हे प्रश्न अंतिम वाटाघाटींवर सोपवले. या मौनावाचून सह्या झाल्या नसत्या, हे मान्य केले पाहिजे.

तथापि कवितेतील रिकामी जागा वाचकाची कल्पना भरते, करारातील रिकामी जागा कृती भरते. पश्चिम किनाऱ्यावर (पूर्व जेरुसलेम वगळता) १९९३ साली सुमारे १ लाख १० हजार असलेले इस्रायली वसाहतवासी २००० पर्यंत १ लाख ९० हजारांच्या घरात गेले. हमासने १९९४ ते १९९६ या काळात बसगाड्यांत घडवलेल्या स्फोटांनी त्याच जागेत भय लिहिले.

अर्थ पुढे ढकलणे नैतिक ठरण्यास एक अट आवश्यक आहे : मधल्या काळात कोणत्याही पक्षाने तो कृतीने निश्चित करू नये. १९९३ च्या मसुद्यात वसाहती थांबवण्याचे बंधन नव्हते. २०१४ साली खंडित झालेल्या थेट वाटाघाटी पुन्हा सुरू झालेल्या नाहीत.