मोतीची गोधडी

वैशाखात गावी गेलं की घर पायाखाली येत नाही. अंगणात कुरडयांचा चीक शिजत असतो, बाजेवर सांडगे वाळत असतात, आणि कुठंही पाय ठेवला तरी काकी ओरडते, "आरं, बघून चाल की!" त्या वर्षी मी आठवडाभराची रजा काढून गेलो होतो ते कौलांसाठी. पाऊस तोंडावर आलेला आणि मधल्या सोप्यात गेल्या श्रावणात तीन ठिकाणी गळत होतं. मंगलोरी कौलं उतरवायची, झाडायची, फुटलेली बदलायची, खालच्या रिपा किडल्या असतील तर नव्या ठोकायच्या. दोन माणसं लावली तर तीन-चार दिवसांचं काम.

कौलं उतरवायची म्हणजे आधी माळा रिकामा करायचा. माळ्यावर आईची पत्र्याची ट्रंक होती. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण ट्रंकेला कुणी हात लावला नव्हता. मी तर नाहीच. काकीनं ती सोप्यात ओढून आणली, कडी काढली आणि एकेक लुगडं बाहेर काढायला लागली. अकरा निघाली. रोजची सुती नऊवारी, विरलेली, मऊ झालेली. आणि तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेलं एक इरकली, डाळिंबी पदराचं. ते तिनं माझ्या लग्नात नेसलं होतं, नंतर पुतण्याच्या बारशाला. बास.

"ह्याच्या दोन गोधड्या व्हतील," काकी म्हणाली.

"इरकल राहू दे काकी. आठवण म्हणून ठेवू."

"ठिवून काय करशील? कसर खाईल. आठवण कसरीनं खाल्ली तर चालंल, आन् अंगाखाली घातली तर न्हाय?"

मला उत्तर सुचलं नाही. सुचलं नाही असं म्हणतो, पण खरं म्हणजे गोधडी हा शब्द काढला की मला गेली काही वर्षं बोलताच येत नव्हतं. त्याचं कारण आता सांगतो.

माझं लग्न झालं तेव्हा आईनं आम्हाला एक गोधडी दिली होती. पुण्याच्या दोन खोल्यांत आम्ही ती पहिली काही वर्षं वापरली. मग गादी आली, ब्लँकेटं आली आणि गोधडी बाथरूमवरच्या माळ्यावर गेली. एका पावसाळ्यात मुलीनं पार्किंगमधून एक कुत्र्याचं पिल्लू उचलून आणलं. भिजलेलं, थरथरत होतं. "बाबा, ह्याच्या खाली काहीतरी द्या ना." मी स्टुलावर चढलो, हाताला लागलं ते ओढलं. गोधडी होती. घडी करून दाराजवळ टाकली. पिल्लू तिच्यावर गोल झालं आणि झोपलं. त्याचं नाव मोती पडलं आणि ती मोतीची गोधडी झाली.

पुढं आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला आली. दारातून आत येताना चप्पल काढायला वाकली आणि तिनं गोधडी पाहिली. मी बघत होतो. ती एवढंच म्हणाली, "थंडी वाजत आसंल त्याला." ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं नातीकडून सुईत दोरा ओवून घेतला. मोतीनं गोधडीचा एक कोपरा कुरतडला होता. तिनं खाली बसून, डोळ्याजवळ धरून, तो कोपरा शिवला आणि गोधडी परत मोतीच्या खाली सारली.

मला हायसं वाटलं. आईला वाईट वाटलेलं नाही, असा मी निकाल देऊन टाकला. पण त्यानंतरच्या संक्रांतीला तिनं नातीसाठी तिळगुळाबरोबर काय पाठवलं, तर बाजारातून विकत घेतलेलं एक ब्लँकेट. गुलाबी, फुलाफुलांचं, प्लास्टिकच्या पिशवीतलं. गोधडी तिनं आम्हाला पुन्हा कधी दिली नाही.

या गोष्टीवर मी स्वतःशी बरीच वकिली केली आहे. एकदा दिलेली वस्तू घेणाऱ्याची. तिचं काय करायचं ते त्यानं ठरवावं. दिलेल्या दानाकडं मागं वळून बघू नये, असं आपल्याकडं म्हणतातच. शिवाय मी ती फेकली नव्हती, विकली नव्हती. एका मुक्या जिवाला ऊब दिली होती. गाडगेबाबांना तर लोक गोधडेबाबा म्हणायचे. चिंध्यांचं ठिगळ लावलेलं पांघरूण अंगावर, हातात खराटा. पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या, पण स्वतःच्या अंगावरची चिंधी बदलली नाही. कापडात जीव अडकवू नये, हेच नाही का त्यातून शिकायचं?

पण ही वकिली फार वेळ टिकायची नाही. बाबांनी वैराग्य केलं ते स्वतःच्या अंगावर. दुसऱ्याच्या मेहनतीबद्दल विरक्त होणं ही काही फार अवघड गोष्ट नाही. ती कुणालाही जमते. मला तर न प्रयत्न करता जमली होती.

मेहनत किती, ते त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. काकीनं सोपा शेणानं सारवून घेतला. एक लुगडं फाडून खाली अंथरलं, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले. त्यावर आतलं भरण: वडिलांची धोतरं, फाटक्या चादरी, पैरणीच्या पाठी. नायलॉनचं काही चालत नाही, ते टोचतं आणि आतल्या आत गोळा होतं. सुरकुती राहिली तर गोधडी जन्मभर पाठीला सांगते, म्हणून प्रत्येक थर हातानं दाबत, सारखा करत जायचं. वर दुसरं लुगडं, मग लांब लांब कच्चे टाके. आणि मग खरी शिवण. कडेनं सुरू करायचं, चारी बाजूंनी फिरत आत आत यायचं, शेवट मधोमध. काकी एका बाजूला, शेजारची वहिनी दुसऱ्या. मी बसल्या बसल्या हिशेब केला. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन ओळींत एक इंच, इंचाला दोन टाके. ६,९१२ टाके आले. काकीला सांगितलं तर ती म्हणाली, "मोजत बसलं तर शिवून व्हायची न्हाय."

इरकलाचं काय झालं? ते मी राखलं नाही. पहिल्या गोधडीला वरून तेच घातलं. काकीच्या कसरीपुढं माझं काही चाललं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. चौथ्या दिवशी मनी व्याली.

मनी ही घरची मांजर. कणगीत जोंधळा असतो तोवर मांजर लागतंच. एरवी ती माळ्यावर व्यायची. पण माळ्यावर आता माणसं, वर उघडं आभाळ आणि दिवसभर कौलांचा खडखडाट. तिनं दोन दिवस घरभर जागा हुंगली. चौथ्या दिवशी पहाटे काकी उठून बघते तर अर्ध्या शिवलेल्या गोधडीवर, बरोब्बर डाळिंबी पदरावर, मनी आडवी आणि तिच्या पोटाशी तीन पिल्लं. पदर खराब झाला होता.

मी एकदम चिडलो. आधी मनीवर, मग कुणावर ते कळेना. खोकं आणलं, त्यात एक पोतं घातलं आणि पिल्लं उचलायला वाकलो. काकीनं हात धरला.

"ओल्या बाळंतिणीला उठवत्यात व्हय?"

"आईचं इरकल आहे ते काकी!"

"मग? तुझ्या आईच्या निम्म्या गोधड्या बाळंतिणींच्या खालीच गेल्या. कुणाच्या घरात दिवस भरले की बाया हितंच यायच्या, वहिनी एक जुनी मऊ गोधडी द्या म्हणून. दिलेली परत यायची न्हाय. परत येण्यासारखी ऱ्हायचीच न्हाय ती."

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे घरातल्या गोधड्या कमी होतात आणि आई पुन्हा शिवते, एवढं दिसत होतं. त्या कुठं जातात हे कधी विचारलं नव्हतं.

शिवण थांबली. काकीनं सुई चोळीला टोचून ठेवली आणि कुरडया घालायला गेली. मला रविवारी निघायचं होतं, गोधडी बरोबर न्यायची होती, पण मनीला रजेचा हिशेब कोण सांगणार? मी सोप्याच्या उंबऱ्यावर बसून तिच्याकडं बघत राहिलो. पुण्यात कुत्रं गोधडीवर आणि इथं मांजर गोधडीवर. कापड तेच, हात तेच, जनावराची गरजही तीच. मग तिथं काहीतरी चुकलं आणि इथं काहीच चुकलं नाही, हे मला इतकं स्पष्ट का दिसत होतं?

मोतीला देण्यात चूक नव्हती, असं मला आता वाटतं. थंडीनं कुडकुडणाऱ्या पिल्लाला आईनंही तीच दिली असती, कदाचित चांगल्यातली दिली असती. पण देताना तिला ठाऊक असतं आपण काय देतोय. काकीनं ज्या पदरासाठी दोन दिवस दोरा ओढला होता तो पदर मांजराला सोडला, आणि सोडताना तिला त्या पदराची पूर्ण किंमत माहीत होती. मी दिलं ते वरून हाताला लागलं म्हणून. मला किंमत ठाऊक नव्हती असंही नाही. मला ती आठवायची नव्हती. नको झालेली वस्तू दिली की त्याला दान म्हणायचं की अडगळ काढणं? आणि अडगळीनंही पिल्लाला ऊब मिळालीच ना, हा प्रश्न उरतोच. पिल्लाच्या बाजूनं बघितलं तर दोन्हीत फरक नाही. फरक आहे तो आईच्या बाजूनं, आणि तिची बाजू विचारायची वेळ निघून गेली होती.

शनिवारी रात्री मी काकीला सगळं सांगितलं. गोधडी, मोती, गुलाबी ब्लँकेट.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "आपरेशन करून आली तवा सांगितलं व्हतं तिनं."

"काय म्हणाली?"

"कोपरा कुरतडला व्हता, तेवढा शिवून आले, म्हणाली."

"अजून?"

"अजून काय न्हाय."

मी थोडा वेळ थांबलो. तक्रार असती तर ती ऐकून घेतली असती, माफी असती तर ती घेतली असती. काकी निवडलेल्या लसणाची टरफलं सुपात गोळा करत होती.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. मनीनं त्याच रात्री पिल्लं तोंडात धरून कणगीच्या मागं नेली. सकाळी काकीनं पदराचा तेवढा भाग दगडी पाट्यावर ठेवून साबणानं चोळला. डाग फिका झाला, गेला नाही. ती पुन्हा शिवायला बसली आणि मलाही सुई दिली. एसटीला दोन तास होते. मी हातभर लांब टाके घातले असतील, नागमोडी. तिनं ते उसवले नाहीत, नुसती शेजारून आपली ओळ घालत गेली.

निघताना विचारलं, "काकी, मोतीच्या खालची गोधडी काढून घेऊ का? आईची तेवढीच उरलीय आमच्याकडं."

"किती वर्साचा झाला तो?"

"अकरा."

"मग म्हातारं झालं की ते. आता कशाला काढतोस अंगाखालनं? न्हाय काढायची." मग पिशवीत कुरडयांचा डबा सारता सारता म्हणाली, "धुवायला मात्र हिकडं घेऊन ये. तुमच्या त्या मशिनीत मावायची न्हाय ती."