स्वतः जाऊन बघणाऱ्यांचं घर

विद्वान आणि थोड्या विक्षिप्त वडिलांच्या हाताखाली वाढलेली माणसं त्यांच्याविषयी बोलू लागली की मला नेहमी एक गोष्ट जाणवते. वडिलांनी केलेला उपदेश त्यांना क्वचितच आठवतो. वडील स्वतः कशाच्या मागे लागले होते, कशापायी जेवणखाण विसरत होते, हे मात्र लख्ख आठवतं. संस्कार नावाची गोष्ट बहुधा इथूनच झिरपते. मोठ्या माणसाला एखाद्या प्रश्नाने झपाटलेलं बघणं हे मुलाच्या वाट्याला येणारं मोठं शिक्षण आहे, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी मला कोसंबी घराण्याच्या तीन पिढ्यांकडे बघावंसं वाटतं.

धर्मानंद कोसंबींचा जन्म १८७६चा, गोव्यातल्या साखवाळ गावातला. शालेय शिक्षण जेमतेम. एका मराठी मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि या माणसाची शिकवण मुळातून समजून घ्यायचीच, असं त्यांनी मनात घेतलं. १८९९च्या अखेरीला घर सोडलं. पुणे, ग्वाल्हेर, काशी करत ते नेपाळला पोचले आणि तिथे निराशा झाल्यावर पुढे सिंहलद्वीपाला आणि ब्रह्मदेशाला गेले. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, सिंहलद्वीपात पाली शिकले. बुद्धाचं म्हणणं बुद्धाच्या परंपरेतल्या माणसांकडून आणि त्यांच्याच भाषेतून ऐकायचं, मधला दलाल नको, ही त्यांची जिद्द. 'निवेदन' या आत्मकथनात हा सारा प्रवास त्यांनी इतक्या साध्या भाषेत सांगितला आहे की त्यामागचे हाल वाचकाला मागाहून उमगतात.

या जिद्दीची किंमत घरानेही मोजली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. धर्मानंद निघाले तेव्हा घरी पत्नी बाळाबाई होत्या आणि पदरात तान्ही मुलगी. थोरांच्या झपाटलेपणाचं कौतुक करताना दाराआड उभ्या राहिलेल्या बाईचा हिशेब आपण मांडत नाही. तो मांडायलाच हवा. धर्मानंदांच्या बाजूने इतकंच म्हणता येईल, की ते परतले आणि मिळवलेलं स्वतःपाशी ठेवून बसले नाहीत. सयाजीराव गायकवाडांनी दरमहा ५० रुपये देऊ केले, त्यांनी महाराष्ट्रात राहून लिहावं म्हणून. पुढे १९१२ ते १९१८ त्यांनी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. १९१८ साली 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्डला निघाले तेव्हा थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना त्यांनी बरोबर नेलं. त्या काळात मुलीलाही शिक्षणासाठी समुद्रापार न्यायचं, ही गोष्ट लोकांना वेडेपणाचीच वाटली असणार.

दामोदर तिथल्या केंब्रिज लॅटिन स्कूलमध्ये शिकला, १९२९ साली हार्वर्डचा पदवीधर झाला आणि गणिती म्हणून भारतात परतला. वडिलांचा विषय त्याने घेतला नाही. वडील गांधींच्या वाटेने गेले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले, १९४७ साली सेवाग्रामला प्रायोपवेशन करून त्यांनी देह ठेवला. मुलगा मार्क्सच्या विचारपद्धतीने इतिहासाकडे बघणारा, आणि पोथीनिष्ठ मार्क्सवाद्यांनाही न जुमानणारा. वरवर पाहता बापलेकांत काही समान नाही. पण मुलाची काम करण्याची रीत बघावी, म्हणजे बाप लगेच ओळखू येतो.

दामोदर, म्हणजेच डी. डी. कोसंबी, यांना तक्षशिलेला सापडलेल्या आहत नाण्यांचा काळ लावायचा होता. तज्ज्ञ नाण्यांवरच्या खुणांचा अर्थ लावण्यात गुंतले होते. कोसंबींनी तराजू काढला. हातोहात फिरताना नाणं झिजतं, म्हणजे जितकं जास्त फिरलं तितकं सरासरी वजन कमी आणि नाण्यानाण्यातला फरक जास्त, हा त्यांचा साधा विचार. तो खरा ठरतो का, हे बघायला त्यांनी आपल्याच काळातली, रोजच्या व्यवहारातली नाणी हजारांनी वजन करून पाहिली आणि मग प्राचीन नाण्यांकडे वळले. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पालथ्या घालून त्यांनी अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारं वेचली. धनगरांच्या वाटा, गावाबाहेरच्या शेंदूर फासलेल्या आया आणि कार्ल्यासारखी लेणी एकाच प्राचीन रस्त्यांच्या जाळ्यावर कशी येतात, हे पायी हिंडून दाखवलं. टाटा संशोधन संस्थेत नोकरीला असताना डेक्कन क्वीनने रोज पुणे-मुंबई करणारा हा गणिती आपल्या इतिहासलेखनाला एक नवी नजर देऊन गेला. बापाने बुद्ध मुळातून शोधला, मुलाने इतिहास जमिनीवर शोधला. सांगितलेलं मानायचं नाही, स्वतः जाऊन बघायचं, हा या घराचा खरा कुळाचार.

तराजूची ही हकिकत वाचली की मला हटकून माझे वडील आठवतात. ते साताऱ्यात कॉलेजात शिकवायचे. नाव मिळवलेले विद्वान ते नव्हते, पण जात तीच. आमच्या गच्चीवर त्यांनी डालड्याचा एक रिकामा डबा विटांमध्ये घट्ट बसवून ठेवला होता. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला त्यात पट्टी उभी धरून पाणी मोजायचं, वहीत मिलिमीटर लिहायचे आणि डबा रिकामा करायचा. साडेआठलाच, कारण वेधशाळाही तेव्हाच मोजते. परीक्षा असो की घरात पाहुणे, त्यात खंड नाही. एकदा पेपरातला आकडा आणि आमचा आकडा जुळेना. मी म्हटलं, "अण्णा, आपलं चुकलं." ते म्हणाले, "आपलं चुकलं की पाऊसच सगळीकडे सारखा पडत नाही? कसं ठरवशील?" दुसऱ्या दिवशी तसाच एक डबा गावाच्या दुसऱ्या टोकाला आत्याच्या अंगणात बसवला. आत्याने कपाळाला हात लावला, पण रोज माप घेऊन ठेवलं. दोन वह्या शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं, की एकाच गावात, एकाच दिवशी, दोन वेगळे पाऊस पडतात. उत्तर त्यांना आधीपासून माहीत होतं, हे मला आज कळतं. ते त्यांनी सांगितलं नाही, हे त्यांचं माझ्यावरचं ऋण आहे.

कोसंबींच्या घरातली तिसरी पिढी मीरा कोसंबींची. त्या समाजशास्त्रज्ञ झाल्या. मुंबई शहराचा अभ्यास केला, पंडिता रमाबाईंचं काम नव्याने जगापुढे आणलं आणि उत्तरायुष्यात आजोबा आणि वडील या दोघांचंही लेखन संपादित केलं. आजोबांचं मराठी इंग्रजीत नेलं. रमाबाईंकडे वळलेली ही नात आणि घराच्या दाराआड राहिलेली आजी यांचा संबंध जोडण्याचा मोह मला होतो. निदान इतकं खरं, की बाईच्या बाजूने इतिहास वाचण्याची जी वाट या घराने आधी घेतली नव्हती, ती त्यांनी स्वतःची म्हणून घेतली. तीन पिढ्या, तीन विषय, आणि कुणीही कुणाची नक्कल नाही.

वेगळ्या वडिलांची परीक्षा मला इथे दिसते. झपाटलेला बाप दोन प्रकारचा असू शकतो. एक आपलं वेड मुलावर लादतो. माझं स्वप्न तू पुरं कर, म्हणतो. दुसरा आपल्या वेडाची किंमत शक्य तितकी स्वतः मोजतो आणि मुलाला फक्त काम करण्याची रीत देतो. पहिल्याच्या घरात एक तर बंडखोर निपजतो नाहीतर दबलेला. दुसऱ्याच्या घरात मूल बापाच्याच हत्यारांनी बापाशी मतभेद करू शकतं, आणि तरी नातं तुटत नाही.

आजच्या आईबापांना मला याच कारणासाठी काही सांगावंसं वाटतं. क्लास, शिबिरं, स्पर्धा परीक्षा या साऱ्यावर आपण पोटाला चिमटा काढून खर्च करतो. त्यामागची माया खोटी नाही. पण मुलाच्या वेळापत्रकात आपण सगळं बसवलं आणि आपल्या स्वतःच्या दिवसात एकही प्रश्न ठेवला नाही, तर मूल शिकेल ते एवढंच, की अभ्यास ही मोठं झाल्यावर सुटणारी कटकट आहे. आपल्या दिवसात असा एक प्रश्न ठेवायला हार्वर्ड लागत नाही, पैसाही लागत नाही. ज्ञानेश्वरीतल्या एका ओवीचा अर्थ लावत बसणारी आई, जुन्या घड्याळाचं यंत्र उलगडून बसणारा बाप, गावातल्या विहिरींची पातळी टिपून ठेवणारा आजोबा, एवढं घरात पुरे. चार लोक हसतील, हसू द्यावं. फायदा नसलेल्या प्रश्नापायी मोठं माणूसही रविवार खर्ची घालतं, हे मुलाने बघितलं पाहिजे. पुढे ते मूल कुठलाही विषय घेवो, कुठल्याही विचाराचं होवो, ऐकीव गोष्टीवर विसंबणार नाही. अफवांच्या आणि तयार मतांच्या या दिवसांत बापाने मुलाला याहून मोलाचं काही द्यावं, असं मला दिसत नाही.