दर मिनिटाची घाई

तासगावच्या एका बेदाण्याच्या पेढीवर तीन कॉम्प्युटर होते आणि तिन्हींवर मेलचा प्रोग्रॅम थंडरबर्ड. ईमेलचा पत्ता मात्र पेढीचा एकच. मालक अण्णांचा थोरला मुलगा, धाकटा आणि दिवाणजी, तिघंही त्याच पत्त्यावरची मेल आपापल्या मशीनवर उतरवून घ्यायचे. नवी मेल आली का, ते प्रोग्रॅम दर १० मिनिटांनी बघायचा. तो येतो तेव्हा तसाच येतो. कुणी त्याला हात लावला नव्हता.

एकदा दिल्लीच्या पार्टीची हिरव्या बेदाण्याची ऑर्डर धाकट्याला आधी दिसली आणि त्यानं ती अण्णांच्या कानावर घातलीसुद्धा. थोरल्याला ते लागलं. दुपारी त्यानं सेटिंगमध्ये जाऊन १० खोडले आणि १ टाकला. धाकट्याच्या लक्षात यायला किती वेळ लागणार? त्याचाही १ झाला. मग दिवाणजींनी तरी का मागं राहावं? पेढीत सगळ्यांत जुने तेच.

हंगामाचे दिवस. कोल्ड स्टोरेजमधून मालाचे फोटो यायचे, एकेक मेल वीस-वीस एमबीची. पेढीच्या इंटरनेटवर ती उतरायला दोन-तीन मिनिटं लागत. तेवढ्यात दुसरं मशीन सर्व्हरच्या दारात हजर, पाठोपाठ तिसरं. एकाच्या स्क्रीनवर ‘मेलबॉक्स वापरात आहे’, दुसऱ्याला ‘पासवर्ड पुन्हा टाका’. आपलाच पासवर्ड बिघडला असं वाटून दिवाणजींनी तो बदलून टाकला, आणि नवा कुणाला सांगितला नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही भाऊ कोरडेच.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी कॉम्प्युटर बघणाऱ्या मुलीला बोलावलं. तिनं तिन्ही मशीनं बघितली आणि हसू दाबत म्हणाली, “अण्णा, तुमचं खातं पॉपवर आहे. पॉप म्हणजे एका किल्लीचं गोडाऊन. एक जण आत असेपर्यंत दुसऱ्याला प्रवेश नाही, लेखी नियमच आहे तसा. आणि हे तिघं दर मिनिटाला कडी वाजवतात.”

अण्णांनी पोरांकडं बघितलं. “दिल्लीवाला मेल पाठवील तेव्हाच ती येणार. तुम्ही दर मिनिटाला विचारलंत म्हणून तो आधी पाठवणार आहे का? आणि त्याला खरीच घाई असली, तर माझा मोबाइल नंबर आहे त्याच्याकडं.”

दोघंही गप्प. दिवाणजी वहीत काहीतरी शोधू लागले.

“आयमॅप करून घ्या,” मुलगी म्हणाली. “त्यात तिघांनाही एकदम आत जाता येतं. मशीन नुसतं जोडलेलं राहतं, मेल आली की सर्व्हर स्वतःच कळवतो. सारखं विचारायचं कामच नाही.”

“हंगाम उरकू दे,” अण्णा म्हणाले. “आत्ता घडी मोडायला नको.”

मग तिनं थोरल्याला १०, धाकट्याला १५ आणि दिवाणजींना २० मिनिटं लावून दिली. आकडे वेगळे असले की गाठ कमी पडते; पडलीच तर मेल पुढच्या फेरीला मिळते, ती सर्व्हरवरच असते.

“मला वीस का?” दिवाणजींनी विचारलं.

तिनं मुकाट्यानं तिघांचेही १५ केले आणि मशीनं रोज सकाळी पाच-पाच मिनिटांच्या अंतरानं सुरू करायला सांगितली. पहिलं कुणाचं सुरू करायचं, याचा निकाल मात्र अण्णांनाच द्यावा लागला.