वर्गणी युनियनला, मत आपल्या मर्जीचे

18 सप्टेंबर 2024 रोजी अमेरिकेतल्या टीमस्टर्स युनियनने जाहीर केले, की अध्यक्षपदाच्या निवडणुकीत आपला पाठिंबा कुणालाच नाही. ट्रकचालक, गोदामातले कामगार, यूपीएसची पार्सले घरोघर पोहोचवणारे असे सुमारे 13 लाख सभासद या संघटनेचे. 1996 नंतर प्रथमच तिने हात आखडता घेतला होता. कार्यकारिणीतले 14 जण तटस्थतेच्या बाजूने होते, तिघे कमला हॅरिस यांच्या. ट्रम्प यांना पाठिंबा द्या, असे म्हणणारा एकही नव्हता.

गंमत म्हणजे त्याच दिवशी युनियनने सभासदांचा कौलही छापून टाकला. ऑनलाइन मतदानात ट्रम्प 59.6 टक्के, हॅरिस 34. बाहेरच्या संस्थेकडून फोनवर करून घेतलेल्या पाहणीत 58 आणि 31. त्याआधी, बायडेन रिंगणात असताना, शाखाशाखांच्या बैठकांत मतदान झाले होते. त्यात मात्र बायडेन 44.3 आणि ट्रम्प 36.3. मधल्या काळात उमेदवार बदलला हे खरे. तरीही एवढी तफावत उमेदवारामुळेच पडली असेल, असे वाटत नाही. बैठकीला वेळ काढून येणारा सभासद वेगळा आणि महिन्याच्या महिन्याला वर्गणी कापली जाते एवढाच युनियनशी संबंध असलेला सभासद वेगळा, हे गेट मीटिंगा घेतलेला कुठलाही कार्यकर्ता सांगेल. पुढाऱ्यांच्या कानावर पडतो तो बहुधा पहिल्याचा आवाज.

अध्यक्ष शॉन ओब्रायन जुलैमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात जाऊन भाषण करून आले होते. टीमस्टर्सच्या अध्यक्षाने असे पूर्वी कधी केले नव्हते. तटस्थतेचा निर्णय होताच मिशिगन, विस्कॉन्सिन, नेवाडा अशा राज्यांतल्या टीमस्टर्सच्या संघटनांनी हॅरिस यांना परस्पर पाठिंबा देऊन टाकला. म्हणजे ‘नेतृत्व’ तरी एकसंध कुठे होते?

या स्थानिक पुढाऱ्यांकडे एक भक्कम कारण होते. ‘सेंट्रल स्टेट्स’ हा टीमस्टर्सचा मोठा पेन्शन फंड बुडायला आला होता. 2021 च्या कायद्याने अशा फंडांना सरकारी मदतीची वाट मोकळी झाली आणि डिसेंबर 2022 मध्ये या फंडाला सुमारे 36 अब्ज डॉलर मिळाले. साडेतीन लाखांहून अधिक कामगार आणि निवृत्तांचे पेन्शन त्यामुळे वाचले. त्या कायद्याला रिपब्लिकन पक्षाचे एकही मत पडलेले नव्हते. तरीही सभासदांचा कल उलटा! याला कृतघ्नपणा म्हणणे सोपे आहे. पण माणूस मतदान केंद्रावर जातो तो नुसता कामगार म्हणून जात नाही. गावची, धर्माची, वंशाची, वाढलेल्या वाणसामानाच्या बिलाची ओझी घेऊनच तो रांगेत उभा असतो.

पुढाऱ्यांचा हिशेबही दर वेळी बरोबर येतो असे नाही. 1980 मध्ये विमान वाहतूक नियंत्रकांच्या पॅटको युनियनने रोनाल्ड रेगन यांना पाठिंबा दिला. ऑगस्ट 1981 मध्ये तिने संप केला, तेव्हा याच रेगन यांनी 11 हजारांहून अधिक नियंत्रकांना नोकरीवरून काढून टाकले. त्याच वर्षी युनियनची मान्यताही गेली.

सभासदाला न पटणाऱ्या पक्षासाठी त्याचा पैसा वापरावा का, हा वाद याहून जुना. ब्रिटनमधल्या रेल्वे कामगारांच्या युनियनचा एक शाखा-चिटणीस, वॉल्टर ऑस्बर्न, लिबरल पक्षाचा होता. आपली वर्गणी मजूर पक्षाकडे जाते म्हणून तो आपल्याच युनियनविरुद्ध कोर्टात गेला आणि 1909 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जिंकला. मजूर पक्षाची रसदच तुटली. मग 1913 च्या कायद्याने तडजोड काढली: राजकीय फंड वेगळा ठेवा आणि ज्याला तो नको त्याला वगळा. आपल्याकडच्या 1926 च्या ट्रेड युनियन्स ॲक्टमधले कलम 16 याच वळणाचे होते. राजकीय फंड स्वतंत्र, त्यात पैसे देण्याची सक्ती नाही, आणि दिले नाहीत म्हणून सभासदत्वाच्या हक्कांना धक्का नाही. कायद्याने खिसा सांभाळला. पाठिंबा जाहीर करण्यापूर्वी सभासदांना विचारा, असे मात्र हे कलम सांगत नव्हते.

गिरणगावाला हे सगळे नवे वाटू नये. मुंबईच्या गिरणी कामगारांची कायद्याने मान्य प्रतिनिधी संघटना होती काँग्रेसच्या गोटातली राष्ट्रीय मिल मजदूर संघ. अनेकांचे मन लाल बावट्यापाशी. आणि साठच्या दशकाच्या अखेरीस चाळीचाळीत शिवसेनेच्या शाखा. जून 1970 मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या होत्या. गिरणगावाच्या ऐन मध्यावर त्या हरल्या आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. पगारवाढीच्या लढ्यात लाल झेंड्यामागे चालणारा कामगार मतपेटीपाशी वेगळा विचार करू शकतो, हे तिथे उघड दिसले. डाव्या पुढाऱ्यांनी या निकालाचा दोष दहशतीला आणि प्रांतवादाला दिला. त्यात तथ्य होतेच. पण नोकरीच्या शोधात चाळीत बसलेल्या पोराशी शाखेवरचा शिवसैनिक रोज बोलत होता, हे त्या हिशेबात फारसे आले नाही.

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार मान्यताप्राप्त संघटनेला डावलून डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले. 1984 च्या काँग्रेस लाटेतही सामंत दक्षिण-मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले. पुढच्या निवडणुकीत, 1989 मध्ये, ती जागा शिवसेनेने जिंकली. खासदार झाले तेच वामनराव महाडिक.