आरंभरेषेवरची थरथर

अजिलिटीच्या, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या खेळाच्या, मैदानात कुत्रं उतरलं की त्याची साखळी सोडून ठेवतात. पुढे वीसेक अडथळे असतात. उड्या मारायचे आडवे दांडे, कापडी बोगदा, उंच अरुंद फळी, सीसॉ आणि नागमोडी वाट काढायला ओळीने रोवलेल्या बारा काठ्या. धाव सुरू झाली की मालकाने कुत्र्याला हात लावायचा नाही, खाऊ न्यायचा नाही, खेळणं दाखवायचं नाही. मग मालकाजवळ उरतात आवाज, खांदे आणि पावलं.

थंड स्वभावाच्या कुत्र्याचं एवढ्यावर निभतं. पण बॉर्डर कॉलीसारखं कुत्रं घ्या. मेंढ्या वळण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली ही जात. समोर काही हललं की तिचा जीव डोळ्यांत गोळा होतो. आरंभरेषेवर असं कुत्रं केकाटतं, गिरक्या घेतं, मालकाच्या पोटऱ्यांना दात लावतं. लोक सांगतात, अंगात फार मस्ती आहे, आधी पळवून दमवा. हा सल्ला मला कधीच पटला नाही. रोज दमवलेल्या कुत्र्याचा दम वाढत जातो, शांत बसायला मात्र ते शिकत नाही.

त्याला शिकवायचं ते थांबणं, आणि त्या थांबण्याचं बक्षीस म्हणजे पळणं. अशा कुत्र्याला बिस्किटापेक्षा पहिली उडी प्यारी असते. ते बसून राहिलं, ठरलेला एकच शब्द कानावर पडला, की सुटायचं. आधीच उठलं तर रागवायचं नाही, ओढायचंही नाही. परत जागेवर आणून बसवायचं, आणि तेवढ्यापुरती उडी नाही. आठवडे जातात यात. मग स्पर्धेचा दिवस येतो, कुत्रं शब्दाआधी सुटतं आणि घड्याळ चालू झालंय म्हणून आपण त्याच्यामागे धावत सुटतो. कुत्र्याला तेवढं पुरतं. सरावाचा नियम इथे लागू नाही, हे त्याला त्या एका धावेत कळतं. त्याला दोष कसा द्यावा? शब्द आपण मोडलेला असतो.

मधूनच थबकून मालकाच्या तोंडावर भुंकणारं कुत्रंही उद्धट ठरवलं जातं. चांगलं कुत्रं या वाटेवर सेकंदाला पाच-सहा मीटर अंतर कापतं. दांड्यावरून उडी घेण्याआधीच पुढचं वळण डावीकडे की उजवीकडे, हे त्याला कळायला हवं. ते जमिनीवर टेकल्यावर आपण हात दाखवला, तर तो हात त्याच्या काय कामाचा? खांदे एकीकडे वळलेले, तोंडाने भलतंच सांगतोय, अशा गोंधळात ते मागे फिरतं आणि भुंकतं. मला त्या भुंकण्यात नेहमी प्रश्नच ऐकू येतो: आता कुठे?

हा खेळ घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून बेतला. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स श्वानप्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधला वेळ भरून काढायला तो पहिल्यांदा दाखवला गेला. घोडेस्वार आधी पायी चालून मैदान बघून घेतात, ती रीत इथेही आहे. स्पर्धेआधी काही मिनिटं फक्त माणसांना आत सोडतात. कुत्री बाहेर पिंजऱ्यात किंवा गाडीत. मग ती सगळी माणसं गवतावरून रिकाम्या हातांनी चालत असतात. नसलेल्या कुत्र्याला खुणा करतात, पुटपुटतात, एका वळणावर पाऊल कुठे पडेल ते पुन्हा पुन्हा घोकतात. कुणी सातव्या दांड्यापाशी चुकतं, चार पावलं मागे येतं, खांदा थोडा आधी वळवून बघतं. कुंपणापलीकडून कुणाचं तरी कुत्रं एकसारखं केकाटत असतं, आणि आत त्याचा माणूस तेच वळण सावकाश पाचव्यांदा चालत असतो.