तळपत्र्याचं ठिगळ

जुनी गाडी खोलायला घेतली की आधी भेटतात ती मधल्या माणसांची कामं. कारखान्याचं काम त्यांच्याखाली दबलेलं असतं आणि कित्येक ठिकाणी ते उरलेलंही नसतं. बासरला आमच्या घरामागच्या शेडमध्ये जी फियाट अकराशे उभी आहे, तिच्या ड्रायव्हरच्या पायाखालचं रबर उचललं तेव्हा मूळ तळपत्रा फक्त कडांना शिल्लक होता. मधली जागा कुणीतरी तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून बुजवली होती. पिंपावरची उठावाची दोन-तीन अक्षरं बोटाला लागत होती. चहूबाजूंनी गॅसवर पितळेची कांडी वितळवून जोड दिला होता, आणि तो जोड इतका सलग होता की ज्यानं तो केला त्याला घाई नव्हती एवढं नक्की.

आमचे मेस्त्री म्हणाले, "सर, हे सगळं काढून टाकू. नवा पत्रा घालून ओरिजिनल करू." दुरुस्तीच्या धंद्यात हा सल्ला चुकीचा नाही. तरी ते ठिगळ काढू नये असं मला वाटलं, आणि का वाटलं याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे.

गाडीची ओळख आधी सांगायला हवी. मुंबईकर हिला तिच्या बुटक्या, फुगीर बांध्यावरून डुक्कर फियाट म्हणत. पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असल्यानं दारं उलटी उघडतात. पुढे आलेल्या डिलाइट आणि पद्मिनी या नात्यानं हिच्याच; पण पद्मिनी अजून कुठे कुठे दिसते, उलट्या दाराची मात्र आता शोधावी लागते. हे मॉडेल इटलीत १९५३ साली आलं. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, बिडाच्या ब्लॉकवर ॲल्युमिनियमचं हेड. गिअरचा दांडा स्टेअरिंगला. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं १९५४पासून ही गाडी कुर्ल्याला बनवायला घेतली. ती पाहायला वालचंद उरले नव्हते. ते आदल्याच वर्षी गेले. आमच्या हाती आलेली गाडी धर्माबादच्या एका मिरचीच्या वखारीत कित्येक वर्षं पडून होती. साफ करताना तिच्या सीटांतून अजूनही खाट येतो.

पिंपाचा पत्रा या गाडीला का लागला, याचं उत्तर १९५३ सालात सापडतं. त्या वर्षी टॅरिफ कमिशननं सांगितलं की ज्यांना भारतात टप्प्याटप्प्यानं सुटे भाग बनवायचे आहेत त्यांनीच इथे मोटारी बनवाव्यात. नुसते आयात भाग जोडणाऱ्यांनी थांबावं. सरकारनं ते मानलं. शिवडीला १९२८पासून मोटारी जोडणारी जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली. त्यांच्या हजारो गाड्या रस्त्यावर राहिल्या आणि त्यांचे भाग येणं आटलं. देशात राहिलेल्या कंपन्यांच्या गाड्यांचीही स्थिती फार वेगळी नव्हती, कारण परकीय चलनाची चणचण होती आणि परवान्याशिवाय काही येत नव्हतं. कुर्ल्याहून निघालेला एखादा भाग निजामाबाद-नांदेडकडच्या गावात पोचेपर्यंत गाडी थांबू शकत नसे. मग लेथवाल्यानं वॉटरपंपाचा दांडा कातून दिला, ओतारीनं बुश ओतलं, लोहारानं पाट्याचं पान ठोकून वाकवलं आणि कुणीतरी पिंप कापलं. भारतातला मोटारीचा इतिहास जेवढा कुर्ल्याच्या आणि उत्तरपाड्याच्या कारखान्यांत घडला तेवढाच या टपऱ्यांमध्ये घडला. फरक एवढाच की कारखान्यांची कागदपत्रं आहेत आणि टपऱ्यांचा लेखी पुरावा जवळजवळ नाही. त्यांचं दफ्तर म्हणजे हे जोड.

जिला ओरिजिनल करणं म्हणतात त्या क्रियेत हे दफ्तर फाडलं जातं. चोरबाजारातून, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून, परदेशातूनही भाग मिळवून गाडी शोरूममधून निघाली त्या दिवसावर नेऊन ठेवायची, आणि मधली सगळी वर्षं पुसायची. अशा गाड्या देखण्या होतात आणि त्यामागची मेहनत अस्सल असते. पण त्या गाड्यांना आयुष्य मिळालंच नव्हतं असं त्यांच्याकडे पाहून वाटतं.

कायद्याचं म्हणणंही मूळ रूपाकडेच झुकतं. केंद्र सरकारनं २०२१मध्ये जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज ठरते. तिला ‘व्हीए’ ही अक्षरं असलेला नंबर मिळतो, नोंदणीला २०,००० रुपये पडतात, ती १० वर्षं चालते आणि गाडी रोजच्या वापराला नेता येत नाही. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. हेतू चांगला आहे. जुनं नाव लावून नवी गाडी फिरवणाऱ्यांना आळा घालायलाच हवा. पण ‘मूळ’ कशाला म्हणायचं हे ठरवताना नियमाला एक आधार लागतो, आणि तो आधार म्हणजे चासीचा नंबर. आमच्या फियाटला वेगळी चासी नाहीच. बैलगाडीला जशी साटी असते आणि वर काहीही बसवता येतं, तशी पूर्वीच्या मोटारींची रचना होती. या मॉडेलमध्ये बॉडी आणि सांगाडा एकच आहे. तळपत्रा, बाजूचे कप्पे, छताचे खांब मिळूनच ती उभी राहते. म्हणजे ज्या वस्तूचा नंबर आरसी बुकात आहे ती वस्तू गाडीत कुठे बोट ठेवून दाखवता येत नाही.

मग गाडी म्हणजे नेमकं काय? हा प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी गाडीवरूनच विचारला गेला आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद रथात बसून भिक्खू नागसेनाकडे येतो. नागसेन त्याला विचारतो की रथ म्हणजे काय. आस, चाकं, जू, दांडी यांपैकी कोण रथ आहे? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळे मिळून? नाही. त्यांच्यावेगळा कुणी? तोही नाही. शेवटी राजा मान्य करतो की हे भाग ज्या रीतीनं एकमेकांशी जोडलेले आहेत त्या जोडणीला व्यवहारात आपण रथ म्हणतो. नागसेनाला यातून माणसाच्या ‘मी’बद्दल बोलायचं होतं. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे याच मिलिंदाचं नाव मिळालं, त्यामुळे मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत हे नाव पोचलं. त्यातला रथाचा प्रश्न मात्र तेवढा पोचला नाही असं मला वाटतं. शेडमध्ये मांडून ठेवलेले भाग पाहताना तो अगदी हाताशी येतो. गाडी जर जोडणी असेल, तर पितळेचा तो जोडसुद्धा गाडीच आहे. कुर्ल्यातल्या वेल्डरनं दिलेल्या जोडाहून तो कमी खरा ठरवायला काही कारण दिसत नाही.

बासरच्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये. हे गाव जागचं हललेलं नाही, पण हैदराबाद संस्थान, आंध्र प्रदेश आणि २०१४पासून तेलंगण अशी त्याची राज्यं झाली. आदिलाबाद जिल्हा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेला पत्ता २०१६मध्ये निर्मल जिल्हा झाला. गोदावरीवरच्या पुलाअलीकडे-पलीकडे तेलुगू, मराठी आणि दखनी एकाच वाक्यात येतात. इथल्या ज्ञानसरस्वतीची कथाही अशीच आहे. व्यासांनी नदीतून रोज मूठ-मूठ वाळू आणून देवळातल्या मूर्ती केल्या असं सांगतात, आणि लोक ज्या रूपाला हात जोडतात ते हळदीनं लेपलेलं रूप आहे. लेपाच्या आत जाऊन मूळची वाळू पाहावी असं कुठल्याही भक्ताच्या मनात येत नाही. पिढ्यांनी चढवलेला लेप देवीपासून वेगळा काढायचा नसतो, हे मुलाला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला घेऊन येणाऱ्या आईबापांना न सांगता कळतं.

मूळ रूपाची ओढ किती ठिसूळ आहे हे इचलकरंजीच्या ‘मीरा’नं मला जास्त स्पष्ट दाखवलं. शंकरराव कुलकर्णींनी १९४९ साली दोन जणांची छोटी मोटार स्वतः बनवली आणि पुढे पंचवीसेक वर्षं ते ती सुधारत राहिले. इंजिन मागे, सस्पेन्शन रबराचं, आणि सामान्य घराला परवडेल अशी किंमत, असा ध्यास. कारखाना म्हणावा असं उत्पादन कधी झालंच नाही. परवाना आणि पाठबळ मिळालं नाही. मारुती यायच्या कितीतरी आधी मराठी मुलखात एक माणूस हे करत होता याचा मला अभिमान वाटतो, आणि ते तसंच विरलं याचं दुःखही. अशा गाडीला मूळ रूपात आणायचं म्हणजे कुठल्या? प्रत्येक गाडी आधीच्या गाडीची दुरुस्ती होती. तिथे बनवणारा आणि दुरुस्त करणारा यांच्यात रेघ ओढता येत नाही.

जगातल्या जाणत्यांनीही हा विचार केला आहे. जुन्या वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघानं २०१३मध्ये तुरिनची सनद जाहीर केली. तिचा पाया म्हणजे वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली झालेली व्हेनिसची सनद. गाडीच्या वापराच्या काळात झालेले बदल हे तिच्या इतिहासाचा भाग आहेत, बदललेल्या भागांवर खूण असावी, कामाची नोंद ठेवावी, असा तिचा आशय आहे. व्हेनिसच्या सनदेत तर म्हटलंय की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धारानं थांबावं. हे मला फार मोलाचं वाटतं. याचं एक टोकही आहे. स्वित्झर्लंडच्या बाजूला माजोरे सरोवरात सत्तरेक वर्षं बुडून राहिलेली १९२५ची बुगाटी २००९मध्ये वर काढली, लिलावात एका अमेरिकी संग्रहालयानं घेतली आणि ती गंजून चाळण झालेल्या अवस्थेतच मांडली. त्या निर्णयाचा मी आदर करतो. आमची गाडी मात्र धर्माबादपर्यंत जाऊन यायला हवी.

आणि चालायचं म्हटलं की काही ठिकाणी इतिहासाला जागा नसते. या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि तेलाची लाइन एकच. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. तिथे जुनी रबरं, जुनी सिलिंडरं ठेवण्याचा मोह धरायचाच नाही. किंगपिन, स्टेअरिंगचे सांधे, टायर यांचंही तेच. पेट्रोलचं प्रकरण नवं आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुन्या जातीचं रबर फुगवतं, म्हणून गाडीतल्या इंधनपंपाचा पडदा आणि पेट्रोलच्या नळ्या त्याला टिकणाऱ्या घातल्या. या बदलांनी गाडीचा मान कमी होत नाही. १९५४च्या माणसाला हे मिळालं असतं तर त्यानंही आनंदानं घातलं असतं.

तळपत्र्याचं शेवटी असं केलं. ठिगळाच्या बाहेरच्या सडक्या कडा कापल्या, तिथे नवा पत्रा घातला, जोड घासून गुळगुळीत न करता दिसता ठेवला आणि नव्या पत्र्यावर पंचानं साल ठोकलं. पिंपाचा पत्रा गंज काढून, लाल प्रायमर देऊन होता तिथेच राहिला. गाडीचा मुख्य भार बाजूच्या कप्प्यांवर असतो. ते कप्पे तपासले, त्यांना धोका नव्हता, म्हणून हे करता आलं. असता तर ठिगळ काढून, फोटो घेऊन, डिकीत ठेवलं असतं. प्रत्येक भागासाठी एक वही आहे: काय होतं, काय काढलं, काय घातलं, का. मेस्त्री त्यांच्या नोंदी तेलुगूत करतात, मी मराठीत.

रंगाचं अजून ठरलेलं नाही. बोनेटच्या कडेला बारीक कागदानं घासत गेलं की थर निघतात: वर काळा, मग राखाडी, मग निळा, आणि डॅशबोर्डच्या आत, जिथे कुणी कधी पिचकारी मारली नाही तिथे, कुर्ल्याचा फिकट हिरवा. जुन्या गाड्यांचा तो ड्यूको रंग ड्यूपाँनं १९२३च्या सुमारास जनरल मोटर्ससाठी बाजारात आणला आणि कामगारांच्या तोंडी ब्रँडचंच नाव बसलं. आमच्या जिल्ह्याच्या गावी, निर्मलला, नकाशी कारागीर त्यांच्या चित्रांना आणि लाकडी खेळण्यांना हेच ड्यूको वापरत आले आहेत, तेव्हा सफाईदार हात शोधायला मुंबईला जायची गरज नाही. जाणकार हिरवा सुचवतील आणि त्यांच्या बाजूनं पुरावा आहे. पण या भागात ही गाडी ज्यांनी पाहिली त्यांनी ती काळीच पाहिली. वखारीतले हमाल तिला काळी गाडी म्हणूनच ओळखत. मेस्त्रींचा कौल काळ्याला आहे. माझाही तिकडेच झुकतो आहे, फक्त बोनेटच्या आतल्या बाजूला वीतभर पट्टी घासून निघतील ते थर उघडे ठेवायचे आणि वरून बिनरंगी लॅकर द्यायचं, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं आहे.